अक्सीर इलाज

आपल्या मराठीत ‘अक्सीर’ हा शब्द चांगलाच मुरलेला आहे. जुन्या मासिकांच्या पाठपानावर खोकल्यापासून खरजेपर्यंत कोणत्याही दुखण्यावर अक्सीर इलाज जाहीर झालेला असे. आणि घरातली वडीलधारी माणसे आल्याच्या रसाला किंवा ओव्याच्या शेकाला तोच मान देत. शब्दाचे गोत्र पाहू गेले तर ते दूरवर जाते. अरबी किमयागार लोखंडाचे सोने करणाऱ्या द्रव्याला ‘इक्सीर’ म्हणत. त्यांनी तो शब्द ग्रीकांकडून घेतला होता, आणि ग्रीकांच्या घरी त्याचा अर्थ अगदी साधा होता : जखमेवर टाकायची कोरडी भुकटी. अरबांकडून हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे ‘अक्सीर’ होऊन आला, आणि पश्चिमेला गेला तो ‘एलिक्सिर’ होऊन. तिकडे औषधे करणाऱ्यांच्या हाती त्याचा अर्थ पुन्हा बदलला. मद्यार्कात विरघळवलेले, गोड केलेले, पातळ औषध म्हणजे एलिक्सिर.

मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. शब्दांच्या मागे मागे हिंडण्याची खोड मला आहे. या शब्दाच्या मागे जाता जाता मी १९३७ सालच्या अमेरिकेत जाऊन पोचलो, आणि तेथे जे दिसले त्याने कित्येक दिवस माझी झोप उडाली. एका औषधाने शंभरांहून अधिक माणसे मेली होती, आणि कायद्याच्या दरबारात जो गुन्हा शाबीत झाला तो एवढाच, की त्या औषधाच्या बाटलीवर ‘एलिक्सिर’ हा शब्द चुकीचा छापला होता!

दिवाळीच्या अंकात विषाची कहाणी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु नरकचतुर्दशीला पहाटे कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावण्याची चाल आपल्याकडे आहेच. कडू हे वाईट असेल, पण ते निदान सांगून येते. ही कहाणी गोड विषाची आहे.

*

प्रथम त्या औषधाची चांगली बाजू सांगितली पाहिजे, कारण ती खरोखरच थोर होती. पेनिसिलीन दवाखान्यात येण्यापूर्वीच्या काळात घशाचा साधा संसर्ग, बाळंतपणातला ताप, सुई टोचून चिघळलेले बोट, यांपैकी काहीही माणसाला घेऊन जाई. जर्मनीत गेऱ्हार्ड डोमाक या संशोधकाने ‘प्रॉन्टोसिल’ नावाच्या एका लाल रंगद्रव्याने उंदरांचा जंतुसंसर्ग बरा होतो असे १९३५ साली जाहीर केले. त्याच वर्षी त्याच्या लहानग्या मुलीच्या हातात सुई घुसून जहर पसरू लागले, तेव्हा बापाने तेच औषध तिला दिले आणि मुलगी वाचली. लवकरच पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील मंडळींनी दाखवून दिले, की लाल रंग हा केवळ वेष आहे. शरीरात त्याचे तुकडे होऊन जो साधा, रंगहीन पदार्थ निघतो, तोच खरा गुणकारी. त्याचे नाव सल्फानिलामाइड.

हा पदार्थ व्हिएन्नात १९०८ सालीच कोणी तयार करून ठेवला होता आणि त्याच्या पेटंटची मुदत संपलेली होती. म्हणजे तो कोणीही करावा आणि कोणीही विकावा. १९३६ च्या अखेरीस अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा मुलगा याच जातीच्या औषधाने घशाच्या दुखण्यातून उठला. वर्तमानपत्रांनी ती वार्ता घरोघर नेली आणि सल्फाच्या गोळ्यांवर एकच झुंबड उडाली.

अडचण एकच होती. गोळी मोठी, आणि ती लहान मुलाच्या गळी उतरत नसे. पदार्थ पाण्यात नीट विरघळेना, मद्यार्कातही विरघळेना. टेनेसी संस्थानातील ब्रिस्टल गावी एस. ई. मॅसेंगिल नावाची औषधांची कंपनी होती. तिच्या एका फिरत्या विक्रेत्याने १९३७ च्या जूनमध्ये कळवले, की दक्षिणेकडच्या संस्थानांत हे औषध पातळ स्वरूपात मागताहेत. कंपनीचा मुख्य रसायनतज्ज्ञ हॅरल्ड वॉटकिन्स कामाला लागला. हे पाहा, ते पाहा, असे करता करता त्याला एक द्रव सापडला ज्यात सल्फानिलामाइड सुरेख विरघळत होते. तो द्रव दाट होता, रंगहीन होता, आणि चवीला गोड होता. त्याचे नाव डायएथिलीन ग्लायकॉल.

कंपनीने मिश्रण तपासले, नाही असे नाही. रंग कसा दिसतो ते पाहिले, वास कसा येतो ते पाहिले, चव कशी लागते ते पाहिले. रासबेरीचा स्वाद घातल्यावर तिन्ही गोष्टी उत्तम जमल्या. पोटात गेल्यावर काय होते, एवढे मात्र कोणी पाहिले नाही. तसे पाहण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता. त्या द्रवाने मूत्रपिंडांना इजा होते असे सांगणारे काही लेख वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेले होते; ग्रंथालयात बसून दोन-चार अंक चाळले असते तरी पुरे होते. तेही घडले नाही. २४० गॅलन औषध तयार झाले, आपल्या हिशेबाने सुमारे ९०० लिटर, आणि सप्टेंबरच्या आरंभी त्याच्या ६३३ रवानग्या देशभर झाल्या. प्रत्येक बाटलीत शंभर भागांपैकी सुमारे ७२ भाग तोच गोड द्रव होता.

*

आता त्या द्रवाने काय केले हे समजायला मूत्रपिंडांचे काम थोडे समजून घेतले पाहिजे. विज्ञानाचे मास्तर रजेवर असले की त्यांचा तास माझ्याकडे येतो, आणि हा पाठ मी मुलांना दिवाळीच्या साफसफाईवरून शिकवतो.

घरातली अडगळ काढायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, घरात हिंडून नको ती वस्तू हुडकायची आणि बाहेर टाकायची. दुसरी, सगळेच्या सगळे सामान अंगणात काढायचे, आणि हवी ती वस्तू पुन्हा आत न्यायची. जे अंगणात उरेल ती अडगळ. पहिली तऱ्हा सोपी वाटते, आणि आपले मूत्रपिंड मात्र दुसरी पत्करतात. पाठीच्या कण्याच्या दोहो बाजूंना, घेवड्याच्या बीच्या आकाराची, प्रत्येकी सुमारे दीडशे ग्रॅम वजनाची ही जोडी. प्रत्येकात जवळजवळ दहा लाख बारीक गाळण्या, आणि प्रत्येक गाळणीला जोडलेली एक नागमोडी नलिका. हृदय जेवढे रक्त फेकते त्याचा पाचवा हिस्सा या मूठभर मांसाकडे येतो. रक्तातले पाणी, मीठ, साखर, मळ, सारे काही गाळणीतून बाहेर पडते. दिवसाकाठी असे १८० लिटर पाणी गाळले जाते. त्यातले सुमारे १७८ लिटर नलिकेच्या भिंतीतल्या पेशी पुन्हा आत ओढून घेतात. साखर सगळी परत, मीठ लागेल तेवढे परत. उरलेले दीड-दोन लिटर म्हणजे आपली लघवी.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न एका मुलाने मला विचारला होता. त्याचे उत्तर मला फार आवडते. नको असलेल्या वस्तू शोधून टाकायच्या, तर त्यांची यादी ठेवावी लागेल. आणि पूर्वी कधीच न पाहिलेला मळ पोटात आला तर तो यादीत सापडणार नाही. सगळे बाहेर काढले, की यादी लागते ती फक्त हव्या वस्तूंची. जे ओळखीचे नाही ते आपोआप बाहेर राहते. निसर्गाची ही युक्ती बहुतेक वेळा माणसाला तारते.

डायएथिलीन ग्लायकॉल या युक्तीवरच घाला घालते. पोटात गेल्यावर यकृत त्याचे रूपांतर करते, आणि त्यातून डायग्लायकॉलिक नावाचे एक आम्ल तयार होते. मूळ द्रवापेक्षा हे आम्लच घातक, असे अलीकडच्या संशोधनाने दाखवले आहे. नलिकेच्या पेशी ते आत ओढून घेतात आणि ते त्यांच्यातच साठत जाते. ज्या पेशी हवे ते सामान उचलून आत नेतात, त्याच फुगतात आणि मरतात. नलिका बुजतात आणि लघवी थांबते.

या विषाची कुटिलता अशी, की पहिल्या दिवशी फारसे काही होत नाही. मळमळ, उलटी, पोटात दुखणे, थोडी गुंगी. आणि ही सारी लक्षणे मूळ दुखण्यावर खपून जातात. आई म्हणते, ताप अजून उतरला नाही, आणखी एक चमचा देऊ. मग दोन-तीन दिवसांनी लघवी कमी होते, बंद पडते, अंगावर सूज येते. रक्तात मळ साचतो, पोटॅशियम वाढते, हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेतले ते रोगी एका आठवड्यापासून तीन आठवड्यांपर्यंत असे झिजत होते. आज अशा रोग्याचे रक्त यंत्रावर धुता येते, आणि वेळेवर कळले तर यकृतातले ते रूपांतर रोखणारे औषधही देता येते. १९३७ साली यांतले काहीच नव्हते. विलेम कोल्फ हा तरुण डच डॉक्टर १९३८ साली अशाच निकामी मूत्रपिंडांनी मरणाऱ्या एका तरुणाच्या उशाशी हतबल होऊन बसला, आणि पुढे जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, सॉसेजच्या सेलोफेनच्या नळ्या एका ढोलावर गुंडाळून त्याने १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड बनवले. त्यावर पहिला जीव वाचायला १९४५ उजाडले. टेनेसीच्या बाटल्यांना ते आठ वर्षे उशिराचे होते.

*

ऑक्टोबर १९३७ च्या दुसऱ्या आठवड्यात ओक्लाहोमातील टल्सा गावच्या डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनला कळवले, की येथे काही रोगी लघवी बंद होऊन मेले आहेत आणि सर्वांनी एकच नवे औषध घेतले होते. बहुतेक लहान मुले होती. दुखणे काय, तर घसा. असोसिएशनच्या प्रयोगशाळेने बाटली तपासून दोषी कोण ते सांगितले. अन्न व औषध खात्याला बातमी लागली तेव्हा औषध अनेक संस्थानांत पसरलेले होते.

येथून जे घडले ते मला या कहाणीतले सर्वांत सुंदर वाटते. खात्याजवळ सारे मिळून २३९ निरीक्षक व रसायनतज्ज्ञ होते. त्यांतले जवळजवळ सगळे रस्त्यावर उतरले. कंपनीने आधी गिऱ्हाइकांना तारा केल्या होत्या, पण त्यांत नुसतेच ‘माल परत पाठवा’ असे होते, धोक्याचा शब्द नव्हता. खात्याने पुन्हा तारा करायला लावल्या : औषध प्राणघातक असू शकते, एकूण एक बाटली ताब्यात घ्या. विक्रेत्यांच्या वह्या, दुकानदारांच्या पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळे धुंडाळणे सुरू झाले. टेक्सासमध्ये एक विक्रेता बोलेना. त्याला कोठडी दाखवली तेव्हा तो बोलला. कित्येक दुकानांत औषध चिठ्ठीवाचून विकले गेले होते. गिऱ्हाइकाचे नाव नाही, गाव नाही. एक तीन वर्षांचा मुलगा औषधाची चिठ्ठी मिळताच घरच्यांबरोबर डोंगरात कुठे तरी राहायला गेला होता. त्याला शोधायला एका डॉक्टरने स्वतःचे लग्न पुढे ढकलले. एका बाईने बाटली टाकून दिली म्हणून सांगितले. खोदून विचारल्यावर कळले, की ती खिडकीतून गल्लीत फेकली होती. निरीक्षक गल्लीत गेला, तर बाटली न फुटता पडलेली, आणि तिच्यात एखादे मूल मरेल एवढे औषध शिल्लक!

२४० गॅलनपैकी २३४ गॅलन आणि एक पाइंट एवढे औषध परत मिळाले. पोटात गेले ते सहा गॅलनहूनही थोडे कमी. मी पावणेचार लिटरने गुणून पाहिले : सुमारे २२ लिटर. पाण्याचा एक मोठा हंडा. तेवढ्याने १०५ माणसे मेली, आणि त्यांत ३४ मुले होती. बाकीचे हंडे ज्यांनी पायपीट करून गोळा केले, त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत नाहीत.

*

मग न्याय झाला. १९०६ च्या जुन्या कायद्याप्रमाणे औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित आहे हे सिद्ध करणे कोणावर बंधनकारक नव्हते. विषारी औषध विकणे हा त्या कायद्याच्या भाषेत गुन्हाच नव्हता. खोटे लेबल लावणे हा गुन्हा होता. आणि येथे आपला शब्द पुढे आला. एलिक्सिर म्हणजे मद्यार्क असलेले औषध. या औषधात मद्यार्काचा थेंब नव्हता. म्हणून लेबल खोटे. बाटलीवर ‘एलिक्सिर’ऐवजी नुसते ‘द्रावण’ छापले असते, तर सरकारला त्या बाटल्यांना हात लावण्याचा अधिकारसुद्धा पोचला नसता. कंपनीला दंड झाला २६,१०० डॉलरचा. मालकाने कळवले, की आम्ही कायदेशीर मागणी पुरवत होतो, असे काही होईल हे आम्हाला कसे कळावे. आमची काही जबाबदारी आहे असे आम्हाला वाटत नाही. वॉटकिन्सने आत्महत्या केली.

कादंबरीकार म्हणून मी या दोन माणसांकडे पुष्कळ वेळ पाहत बसलो. माझ्या कादंबरीत ही गोष्ट आली असती, तर रसायनतज्ज्ञाला मी लोभी केले असते आणि अंधारात बाटली भरताना त्याचा हात थरथरवला असता. वास्तवात तसे काहीच नव्हते. त्याला कोणाला मारायचे नव्हते. लहान मुलाला गोळी गिळता येत नाही, ती अडचण त्याला दूर करायची होती. माणसे वाईट असतील तेव्हाच वाईट घडते, असे मानायला आपल्याला आवडते. येथे माणसे नेहमीसारखीच होती, आणि ‘हे आधी तपासले का?’ असे विचारणारी खुर्ची रिकामी होती.

ती खुर्ची भरण्याचा कायदा अमेरिकेच्या कायदेमंडळात १९३३ पासून पडून होता. आपली लहान मुलगी गमावलेल्या एका आईने अध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहून मुलीचे शेवटचे दिवस कळवले; ते पत्र देशभर गाजले. जून १९३८ मध्ये कायदा झाला : नवे औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा द्यावा लागेल. पाच वर्षे जे युक्तिवादाने झाले नाही, ते त्या हंडाभर औषधाने केले.

*

वाचकांना वाटेल की गोष्ट संपली. दुर्दैवाने ती तेथे संपत नाही. ती आपल्या दारात येते.

आपल्या देशात भेसळीच्या औषधांची चौकशी रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये केली आणि औषधांचा कायदा १९४० साली झाला. म्हणजे कायदा होता. तरी १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण मूत्रपिंडे बंद पडून मेले. डोळ्यातला किंवा मेंदूतला दाब उतरवण्यासाठी ग्लिसरीन पाजण्याची तेव्हा रीत होती. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने पुढे चौकशी केली. औषधी दर्जाच्या जागी कारखान्यात वापरायचे ग्लिसरीन रुग्णाच्या ओठांपर्यंत कसे येऊन पोचले, याचा एक एक दुवा त्यांनी उलगडून दाखवला. त्यापूर्वी १९७२ मध्ये मद्रासला आणि नंतर १९९८ मध्ये दिल्लीजवळ गुडगावला मुले याच द्रवाने दगावली. बांगलादेश, नायजेरिया, हैती, पनामा. यादी लांबत जाते. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबिया देशात सुमारे सत्तर मुले मेली, आणि ज्या सरबतांवर संशय आला ती आपल्याच देशातून गेलेली होती.

हेच विष पुन्हा पुन्हा का? कारण फार साधे आहे. औषधी सरबत करायला दाट, गोड, पाण्यासारखा निर्मळ द्रव लागतो : ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला तसेच, चवीला तसेच, आणि किमतीला स्वस्त. ते ब्रेकच्या तेलात जाते, रंग-रोगणात जाते. पिंपावरचे लेबल बदलले, किंवा पिंप हातोहात जाताना त्याची खरी चिठ्ठी हरवली, की डोळ्यांना काही कळत नाही. कळते ते फक्त तपासणीत. आणि ती तपासणी महागडी किंवा अवघड नाही. म्हणजे १९३७ साली जो प्रश्न कोणी विचारला नाही, तोच प्रश्न प्रत्येक पिंपाला विचारावा लागतो, आणि एका पिंपाला विचारायचा राहिला की पुरे.

गांबियानंतर सरकारने नियम केला, की १ जून २०२३ पासून परदेशी जाणारे खोकल्याचे औषध सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय बंदरातून सुटणार नाही. नियम चांगलाच होता. पण तो परदेशी जाणाऱ्या बाटल्यांचा होता. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक मुले लघवी बंद होऊन मेली. सर्दी-खोकल्याचे सरबत. आईबापांनी त्यांतली बरीच मुले आपल्या नागपूरला आणली होती, आणि कित्येकांनी नागपुरातच डोळे मिटले. सरबतात जो द्रव शंभरात एक दशांश भागापेक्षा अधिक असता कामा नये, तो सेहेचाळीस ते अठ्ठेचाळीस भाग निघाला. ब्रिस्टल आणि परासिया यांच्यामध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षे आहेत.

*

टेनेसीच्या कहाणीतल्या एका व्यक्तीविषयी सांगायचे राहिले आहे. औषधातले मारक काय, हे पक्के करण्याचे काम शिकागो विद्यापीठातील प्राध्यापक गायलिंग यांच्याकडेही आले होते. त्यांच्या हाताखाली कॅनडाहून आलेली फ्रान्सिस ओल्डम ही तरुण विद्यार्थिनी होती. तिला प्रवेश देताना प्राध्यापकांनी पत्रावर ‘मिस्टर ओल्डम’ असे लिहिले होते. नावावरून त्यांना ती मुलगा वाटली. नावाची अशी गल्लत जगाला लाभदायक ठरल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. या मुलीने प्रयोगशाळेत ते औषध उंदरांना पाजले आणि त्यांची लघवी थांबताना, ती मरताना, दिवसेंदिवस पाहिली.

तेवीस वर्षांनी, १९६० साली, ती डॉक्टर फ्रान्सिस केल्सी होऊन अन्न व औषध खात्यात नोकरीला लागली. तिच्या टेबलावर थॅलिडोमाइड नावाच्या झोपेच्या औषधाचा अर्ज आला. युरोपात ते धडाक्याने खपत होते. कंपनी घाई करत होती. केल्सीबाई पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिल्या, की पुरावा पुरेसा नाही. १९६१ च्या अखेरीस कळले, की त्या औषधाने गरोदर बायकांच्या पोटातली मुले हातापायांवाचून जन्माला येत आहेत. जगभर अशी सुमारे दहा हजार मुले जन्मली. अमेरिका त्यातून बहुतांशी सुटली. रिकाम्या खुर्चीत कोणी बसले की काय होते, ते केल्सीबाईंनी दाखवले. त्या १०१ वर्षे जगल्या आणि २०१५ मध्ये वारल्या.

आपल्या घरातही अशी एक खुर्ची आहे आणि तीत बहुधा आजी बसलेली असते. मूल आजारी पडले, की डॉक्टरच्या आधी ती विचारते, “लघवी झाली का ग त्याला?” सुनेला तो प्रश्न जुनाट वाटतो. परंतु टल्साच्या डॉक्टरांना प्रथम जे दिसले ते हेच होते, आणि छिंदवाड्यालाही हेच दिसले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने कळवले, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सरबते देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालच्यांनाही ती सहसा देऊ नयेत. बहुतेक खोकला आपण होऊन जातो. कार्तिकाची थंडी आता सुरू होईल आणि मुले खोकू लागतील. कोणतेही सरबत घेणारे मूल उलट्या करत असेल, मलूल पडले असेल आणि अर्ध्या दिवसात त्याला लघवी झाली नसेल, तर आणखी एक चमचा देऊ नये. बाटली हातात घेऊन मुलाला तडक इस्पितळात न्यावे, आणि ती बाटली डॉक्टरांना दाखवावी.